दिवेआगर : वाडीतल्या खोल्यांची गोष्ट, नोंदवह्यांवरून

आगरातला

मंडळी, नमस्कार.

गेल्या महिन्यात काकांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. तिच्यात अकरा नोंदवह्या निघाल्या. दिवेआगरला (तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड) आमच्या वाडीत (म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, हिलाच आगरही म्हणतात) पाहुण्यांसाठी आठ खोल्या आहेत. कोण आलं, किती दिवस राहिलं, किती पानं वाढली, हे सगळं १९९८ पासून त्यात लिहिलेलं आहे. दोन वह्यांना कसर लागली आहे. काका अठ्ठ्याहत्तरचे झाले. अक्षर त्यांनाच लागतं, म्हणून रोज रात्री फोनवर ते वाचतात आणि मी उतरवून घेतो. ज्यांना आठवत असेल त्यांनी भर घालावी, चुकलं तर सांगावं, यासाठी हा धागा.

पहिल्या वहीचं पहिलं पान असं आहे: "१८ जानेवारी १९९८, रविवार. पुण्याचे. ४ पानं. पिठलं, भात, ताक." नाव नाही, पैशांचा आकडा नाही.

हे चौघं का आले असतील ते दिवेआगर माहीत असलेल्यांना सांगायला नको. १७ नोव्हेंबर १९९७ ला, संकष्टीच्या दिवशी, गावातल्या एका वाडीत पोफळीसाठी, म्हणजे सुपारीच्या झाडासाठी, खणताना तांब्याची पेटी लागली आणि तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा मिळाला. वर्तमानपत्रांत बातमी आली आणि महिन्याभरात गावात अशी गर्दी व्हायला लागली की कोणाच्या घरात एवढ्या लोकांना पाणी द्यायलाही भांडी नव्हती. तोवर गाव म्हणजे सुपारी, नारळ, मिरी, जायफळ, थोडी भातशेती आणि मुंबईहून येणारी मनीऑर्डर. रूपनारायणाची मूर्ती होती, शके ९८२ चा मराठी ताम्रपट याच गावचा, पण त्यासाठी अभ्यासक सोडून कोणी येत नसे. राहायला काही नाही, खानावळ नाही. शेजारच्या बोर्ली पंचतनला जाऊन चहा प्यायचा.

तर ते चौघं देवळातून निघून उन्हात आमच्या बेड्यापाशी, वाडीच्या फाटकापाशी, उभे होते. आजीने ओटीवर बोलावलं. जेवण झाल्यावर त्यांनी किती झाले म्हणून विचारलं, तर घरात कोणालाच सांगता येईना. काकांनी पुढच्या आठवड्यात बोर्लीला जाऊन तिथे ताटाचे किती घेतात याची चौकशी केली. त्यानंतरच्या नोंदीत पहिल्यांदा आकडा आहे: "६ पानं, दर २५."

वह्या वाचताना मला एक गोष्ट दिसली. आमच्या प्रत्येक खोलीच्या जागी आधी वाडीचं काहीतरी होतं. पहिली खोली म्हणजे गोठा. विहिरीवर पूर्वी रहाट होता, बैल होते. विजेचा पंप आला, रहाट थांबला, बैल गेले आणि गोठा रिकामा पडून होता. १९९९ च्या दिवाळीआधी वडिलांनी आणि काकांनी त्याला शहाबादी फरशी घातली, चिऱ्याच्या भिंतीला गिलावा केला, दोन खाटा टाकल्या. गव्हाणीची जागा अजून भिंतीत आहे. पाहुणे तिच्यात चष्मे आणि मोबाईल ठेवतात.

दुसरी खोली म्हणजे सोललेली सुपारी भरून ठेवायची कोठी. पुढचं सवडीने लिहितो.

ताम्हिणीमार्गे

वा! मी तुमच्याकडे राहिलोय की नाही ते सांगता येणार नाही, पण २००१ च्या डिसेंबरात दिवेआगरला अशाच एका वाडीत राहिलो होतो. पुण्याहून मुळशी, ताम्हिणी, माणगाव, पुढे बोर्ली. अंधार पडल्यावर पोचलो. वाडीत शिरताना एकदम गार झालं, ते अजून अंगावर आहे. सकाळी बंबातलं पाणी, त्याला धुराचा वास. नाश्त्याला पोहे आणि बाजूला मिरगुंड. समुद्र कुठे म्हणून विचारलं तर आजोबांनी पाण्याच्या पाटाकडे बोट दाखवून "याच्या कडेकडेने जा" म्हणून सांगितलं. पाट संपला, केवड्याचं बन लागलं, ते ओलांडलं आणि एकदम वाळूची पुळण. किलोमीटरच्या किलोमीटर, आणि माणूस नाही.

त्या खोलीला एका झाडाचं नाव होतं. बकुळ बहुतेक.

आगरातला

ताम्हिणीमार्गे, बकुळ आमच्याकडेही आहे, पण तशी नावं तेव्हा गावात बऱ्याच ठिकाणी होती. आमच्याकडे ती आजीने दिली. आकडे घालायचे ठरत होते, ती म्हणाली, खोलीला आकडा लॉजमध्ये असतो. दारासमोर जे झाड असेल ते नाव. जायफळ, बकुळ, मिरी, रामफळ.

तिसरी आणि चौथी खोली २००३ ची. ही दोन खळ्याच्या कडेला उभी राहिली. खळं म्हणजे सुपारी वाळवायची जागा. ओली सुपारी काढली की महिना-दीड महिना उन्हात वाळवावी लागते, रोज हलवायची, संध्याकाळी गोळा करायची, माकडांना आणि अवकाळी पावसाला सांभाळायचं. वर्षातून एकदा व्यापारी येणार, भाव तो सांगणार. दोन भावांची चार मुलं शिकत होती. त्या वर्षीच्या वहीच्या शेवटच्या पानावर काकांनी दोन रकाने केलेत. एकात सुपारीचे पैसे, दुसऱ्यात पाहुण्यांचे. पहिल्यांदाच दुसरा रकाना मोठा आहे. खाली एक रेघ मारून काही लिहायचं म्हणून पेन टेकवलंय आणि तसंच सोडलंय.

खोल्या बांधायला कर्ज हवं होतं आणि सातबारावर आजोबांमागे आजी, वडील, काका आणि दोन आत्या अशी पाच नावं. दोन्ही आत्यांनी हक्कसोड करून दिला, म्हणजे आपला वाटा सोडला. कागदावर मोबदला नाही. घरात मात्र असं ठरलं की "जायफळ" ही खोली मे महिन्यात आणि गणपतीत भाड्याने द्यायची नाही, ती आत्यांची. मे हा ऐन हंगाम. तरी एकवीस वर्षं वह्यांमध्ये मेच्या पानांवर जायफळपुढे "माहेर" एवढंच लिहिलेलं आहे.

मोजणी

लेखकमहाशय, एक तांत्रिक भर घालतो, कारण खोल्यांच्या इतिहासात ही बाजू कोणी सांगत नाही.

किनाऱ्यावरच्या बांधकामावर पहिली मोठी मर्यादा आली १९ फेब्रुवारी १९९१ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेने. भरतीरेषेपासून पाचशे मीटरचा पट्टा नियमनाखाली आला. गावखेड्यांच्या भागात त्यातले पहिले दोनशे मीटर ना-विकास क्षेत्र, म्हणजे नवं काही उभारायचं नाही, जुन्याची डागडुजी करायची. दिवेआगरसारख्या गावात वाड्या लांबट असतात. एक तोंड रस्त्याला, दुसरं केवड्याच्या बनाला. त्यामुळे एकाच वाडीचा पुढचा भाग एका नियमात आणि मागचा दुसऱ्या. लोकांनी गोठे, कोठ्या, पडव्या यांच्या खोल्या केल्या त्यामागे पैशाचं गणित होतंच, पण उभं असलेलं छप्पर वापरणं हाच सुचणारा मार्गही होता.

१८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेत स्थानिक कुटुंबांना आहे त्या घरात पाहुणे ठेवायला स्पष्ट जागा दिली आहे. अट अशी की घराचं जोतं, आराखडा आणि दर्शनी रूप बदलायचं नाही. माझ्या मते एवढा साधा नियम आधी आला असता तर कितीतरी चांगली जुनी घरं पाडली गेली नसती. जोतं मोडून तीन मजले चढवायचे आणि त्याला "घरगुती" म्हणायचं, हे मला मान्य नाही.

वेळासची_पोर

थोडं विषयांतर, पण जवळचंच. आमचं वेळास मंडणगड तालुक्यातलं, बाणकोटजवळचं. दिवेआगरच्या शेजारचं वेळास वेगळं, लोक दरवर्षी चुकून तिकडे जाऊन कासवं कुठे म्हणून विचारतात. :)

आमच्याकडे घरात पाहुणे ठेवणं सुरू झालं ते कासवांमुळे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये अंडी राखायचं काम सुरू केलं आणि मग पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक यायला लागले. आमच्याकडे खोल्या बांधल्या नाहीत. माजघरात गाद्या घालायच्या आणि आपण स्वयंपाकघरात झोपायचं. हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल, मग बंद. त्यामुळे आमच्या घराचं घरपण शाबूत राहिलं, आणि आमची मुलं मात्र मुंबईला गेली ती गेलीच. दोन-तीन महिन्यांवर वर्ष निघत नाही. तुमच्या आठ खोल्यांवर दोन कुटुंबं गावात राहिली असतील तर ती मोठी गोष्ट आहे.

बोर्लीची_लेक

मी हा धागा दोनदा वाचला. लिहू की नको करत होते, पण लिहिते.

माझी आई पंधरा वर्षं दिवेआगरात अशाच एका घरात कामाला जात होती. तुमच्या नव्हे, पण चार घरं सोडून. सकाळी सहाला निघायची. अंगण, भांडी, चादरी, नारळ खवणणं. संकष्टीला शंभर-सव्वाशे मोदक व्हायचे. आदल्या रात्री पिठी दळून ठेवायची, पहाटे उकड, आणि कळ्या पाडायला चौघी बसायच्या. त्या चौघींपैकी घरातली एक, बाकी तिघी आमच्या वस्तीतल्या. पाहुणे जाताना घरच्या काकूंना सांगायचे, तुमच्या हाताला काय चव आहे. माझी आई चादरी काढत असायची.

काकू वाईट नव्हत्या. पगार वेळेवर द्यायच्या, माझ्या बारावीची फी त्यांनी भरली. पण तुमच्या वहीत पानं आहेत, दर आहेत, खोल्या आहेत. आईसारख्यांचं नाव कुठे आहे का, ते बघाल का?

आणखी एक. सुरुवातीला सगळ्या पाट्या शाकाहारी होत्या. मासे खाणारा पाहुणा विचारायचा तेव्हा त्याला भरडखोलची वाट दाखवायचे. मग आमच्या बाजूच्या घरांनी सुरमई-पापलेटची ताटं सुरू केली. ज्यांच्याकडे सुपारीची वाडी नव्हती, त्यांच्या हातात या धंद्यातला पैसा तिथून आला. इतिहास लिहायचा तर तोही लिहा.

आगरातला

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. काल रात्री मी काकांना हाच प्रश्न विचारला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी वह्या उलट्या बाजूने उघडल्या.

प्रत्येक वहीच्या मागच्या पानांवर हजेरी आहे. सात बायका, दोन गडी. एक जण १९९९ पासून २०१७ पर्यंत. उचल, सणाची साडी, आजारपणातले खाडे, सगळं आहे. आम्ही पुढून वाचत होतो म्हणून मला ते कळलंच नव्हतं. त्यांची नावं इथे उघड्यावर टाकत नाही. पण मी जे उतरवून काढतोय त्यात ती पहिल्या पानावर जातील. त्यांतल्या तिघी गावातच आहेत, त्यांच्याकडे जाऊन बसणार आहे. मोदकांच्या कळ्यांचं त्यांच्याच तोंडून लिहून घेतो.

आणि माशांच्या ताटांचं तुमचं म्हणणं खरं आहे. आमच्या वह्यांमध्ये २००५ नंतर "१ रात्र, जेवण बाहेर" अशा नोंदी वाढत जातात. काका तेव्हा वैतागायचे. आज ते म्हणतात, गाव असंच चालायला हवं होतं.

ताम्हिणीमार्गे

२०१२ च्या वहीत काय आहे?

आगरातला

२४ मार्च २०१२ ला काही लिहिलेलं नाही. देवळावर दरोडा पडला, दोन राखणदार मारले गेले, मुखवटा गेला. ते दोघे रोज दिसणारी माणसं. काकांनी त्या आठवड्याचं पान कोरं ठेवलंय. पुढचे काही महिने नोंदी विरळ आहेत. लोक यायचे थांबले असं नाही, पण समुद्रासाठी यायला लागले. मंदिरात नवा मुखवटा बसला नोव्हेंबर २०२१ मध्ये, आणि तोवर आमच्या गावावर दुसरंच संकट येऊन गेलं होतं.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ.

मार्चपासून टाळेबंदी होती, खोल्या बंद. घरात आई-वडील, काका-काकू आणि मी. वादळ येणार हे कळलं होतं. २००९ च्या नोव्हेंबरातलं फयान वादळ आम्ही पाहिलं होतं, त्यामुळे कौलं उडतील, दोन-चार नारळ पडतील अशी तयारी. सकाळपासून पाऊस. दुपारी वारा सुरू झाला. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता हे नंतर वाचलं. आम्ही सगळे गोठ्याच्या खोलीत येऊन बसलो, कारण तिच्या भिंती जाड.

नारळ पडतो तो मुळासकट, धप्पकन. पोफळ तशी पडत नाही. आधी वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते, आणि मग मधोमध कडकन मोडते. एक मोडली की शेजारचीवर पडते. तो कडकडाट तीन-चार तास चालू होता. पहिल्या तासाला काका मोजत होते, "ही विहिरीकडची. ही पाटाकडची." आवाजावरून ओळखत होते. मग त्यांनी मोजणं बंद केलं.

संध्याकाळी दार उघडलं तर घराच्या ओटीवरून समुद्र दिसत होता. माझ्या सगळ्या आयुष्यात तो तिथून कधी दिसला नव्हता. पाच पोफळींमागे एक उभी असेल. मिरीचे वेल पोफळींबरोबर गेले. पणजोबांनी लावलेलं जायफळ उपटलं गेलं होतं. मिरी आणि रामफळ या खोल्यांची छपरं गेली. वीज यायला कित्येक आठवडे लागले, वाडीतून वाट काढायलाच आठ दिवस.

पोफळ लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. म्हणजे अठ्ठेचाळीस तासांत परत उभं करता येईल असं काही गेलं नव्हतं.

मोजणी

त्या वेळच्या नुकसानभरपाईबद्दल लिहितो. फळबागांना सुरुवातीला हेक्टरी पन्नास हजार रुपये जाहीर झाले. हेक्टर म्हणजे शंभर गुंठे. श्रीवर्धन पट्ट्यात वाड्या गुंठ्यांमध्ये मोजतात आणि एकाच गुंठ्यात नारळ, त्याखाली पोफळ, तिच्यावर मिरी असं तीन मजली पीक असतं. दहा गुंठेवाल्याच्या हाती पाच हजार. पडलेली झाडं तोडून उचलायची मजुरीसुद्धा त्यात निघत नाही. ओरड झाल्यावर झाडामागे मदत ठरली, नारळाला अडीचशे आणि सुपारीला पन्नास रुपये. हेक्टरचा हिशेब आंब्या-काजूच्या बागांसाठी ठीक असेल. आगराला तो लावणं म्हणजे आगर काय असतं हे माहीत नसणं.

वेळासची_पोर

ओटीवरून समुद्र दिसला हे वाचून काटा आला. आमच्याकडेही त्या दिवशी तसंच.

मग पुढे? मोकळ्या जागेत खोल्या वाढवल्यात का? आमच्या भागात बऱ्याच जणांनी वाड्या विकल्या.

आगरातला

विचारणा आली होती. त्याच वर्षी दिवाळीत एक गृहस्थ गाडी घेऊन आले. मागची सगळी मोकळी जमीन घेतो, बारा कॉटेज आणि पोहण्याचा तलाव करू, तुम्ही व्यवस्था बघा म्हणाले. रक्कम मोठी होती. वडिलांचं मन वळत होतं, हे मी लपवत नाही. त्यांचं म्हणणं, पोफळ आता मुलांसाठी कोण शिंपणार? आणि पाहुण्यांना समुद्र दिसला तर दर वाढतो. काही नेहमीचे पाहुणेही खरंच म्हणायला लागले होते की आता किती मोकळं वाटतं.

काका तेव्हा ओटीवर बसायचेच बंद झाले होते. समुद्राकडे पाठ करून मागच्या पडवीत बसायचे. त्यांनी वाद घातला नाही. २०२१ च्या पावसाआधी रोठ्याची (आमच्याकडच्या सुपारीची) रोपं आणली, दोन गडी लावले आणि जुन्या ओळींवर खड्डे घेतले. श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र आहे, तिथे जाऊन अंतर वगैरे विचारून आले. पोफळीच्या कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाही, म्हणून मधे केळी लावल्या. वडील चार दिवस बघत राहिले आणि पाचव्या दिवशी आळी करायला उतरले.

जमीन विकली नाही. आठ खोल्याच ठेवल्या. मिरी आणि रामफळवर परत मंगलोरी कौलं घातली, पत्रा नाही. यंदा पहिल्या ओळीतल्या काही झाडांना पोय, म्हणजे फुलोरा, सुटली आहे.

माहेरवाशीण_ठाणे

मी आगरातलाची आतेबहीण. आईला (म्हणजे त्याच्या थोरल्या आत्याला) सगळा धागा वाचून दाखवला. ती एक्याऐंशीची आहे. दोन तास लागले, कारण मधे मधे ती थांबवून सांगत होती.

तिचा निरोप जसाच्या तसा:

"अरे, तुझ्या काकाला सांग, वही पहिली नव्हे. माझं लग्न व्हायच्या आधीपासून मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर आपल्याकडे जेवायचे. शेवटची एसटी रात्री यायची आणि पहाटे परत जायची. ते बिचारे गाडीतच झोपायचे. पावसाळ्यात आई त्यांना ओटीवर घोंगडी द्यायची. गोठ्याच्या दाराला आतल्या बाजूने ती कोळशाने रेघा मारायची, एका पानाला एक. महिना भरला की ते पैसे द्यायचे, ती ओल्या फडक्याने पुसायची. तिला लिहायला येत नव्हतं, पण हिशेब तिचाच. त्या चौघा पुणेकरांना तिने बोलावलं ते काही आभाळातून सुचलं नाही. तिला सवय होती."

हक्कसोडाबद्दलही ती बोलली. म्हणाली, सही करताना हात थरथरला होता, खोटं कशाला सांगू. पण मे महिन्यात जायफळचं दार उघडं असतं, ते एकाही वर्षी बंद मिळालं नाही.

जुनी_लालपरी

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. या भागात नव्हे, राजापूर-लांजा बाजूला. मुक्कामाच्या गावी कोणाच्या तरी घरी जेवण असायचंच. घरी आले की गावांची नावं ते जेवणावरून सांगायचे. हे गाव कुळथाच्या पिठल्याचं, ते गाव आंबोळ्यांचं. आत्याबाईंना माझा नमस्कार कळवा.

आगरातला

ताई, आत्याला सांग, आत्ताच काकांशी बोललो. त्यांना रेघा आठवत नव्हत्या. मी वाचून दाखवल्यावर एकदम म्हणाले, "दार आहे." गोठ्याची खोली केली तेव्हा नवं दार बसवलं आणि जुनं सागवानी म्हणून पंपाच्या खोपीला लावलं. ते बॅटरी घेऊन लगेच गेले, मी फोनवरच होतो. दार हिरव्या ऑईलपेंटने रंगवलेलं आहे, दोन हात तरी असतील. आतल्या बाजूला रंग एकाच हाताचा आणि खालच्या फळीवर तो पुरता पोचलेला नाही, एवढं त्यांनी सांगितलं.

काकू बोर्लीला गेली आहे, उद्या दुपारच्या गाडीने येईल. ती आल्याशिवाय खरवडायचं नाही म्हणालेत. फोटो उद्या टाकतो.